ब्रिटिश राजदूताची युद्धकाळातली कारकीर्द कागदपत्रांतून कशी उभी करावी

आत्मचरित्रापासून सुरुवात करू नका. उदाहरणार्थ, सर ह्यू नॅचबुल-ह्यूगेसन १९३९ ते १९४४ या काळात तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकाऱ्यात, ब्रिटिश राजदूत होते. त्यांचा खासगी नोकर एलीएसा बाझना घरातल्या गुप्त कागदांचे फोटो काढून जर्मनांना विकत होता. जर्मनांनी त्याला ‘सिसेरो’ हे टोपणनाव दिलं होतं. राजदूतांचं आत्मचरित्र १९४९चं आणि हे प्रकरण जगापुढे आलं १९५०मध्ये! नुसत्या पुस्तकावर विसंबलात तर कारकिर्दीतला सगळ्यात अवघड काळच हातून निसटतो.

आधी तारखांचा तक्ता करा. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या, त्या काळी दरवर्षी निघणाऱ्या ‘फॉरेन ऑफिस लिस्ट’मध्ये अधिकाऱ्यांची सेवानोंद असे. नेमणुका तिच्यातून उतरवा आणि ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्राशी पडताळा. नेमणुकीची, गॅझेटात छापल्याची आणि प्रत्यक्ष रुजू झाल्याची अशा तीन तारखा वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा, नाहीतर एकच माणूस एकाच दिवशी दोन राजधान्यांत दिसायला लागतो. इंग्रजी स्पेलिंगही जपा: या ‘ह्यू’च्या शेवटी एक ‘ई’ जास्त आहे आणि जोडआडनावातली आडवी रेघ शोधयंत्राला हमखास चकवते.

तक्त्यात मोकळी जागा दिसली तर कारण शोधा. ह्यूगेसन १९३६पासून चीनमध्ये राजदूत होते. २६ ऑगस्ट १९३७ला शांघायकडे जाताना जपानी विमानांनी त्यांच्या मोटारीवर गोळीबार केला आणि ते गंभीर जखमी झाले. अंकाऱ्याच्या आधीची मोकळी जागा त्यातून आलेली आहे.

मग लंडनमधल्या क्यू इथलं राष्ट्रीय अभिलेखागार. परराष्ट्र खात्याचा (फॉरेन ऑफिस, म्हणजे ‘एफओ’) राजकीय पत्रव्यवहार ‘एफओ ३७१’ या मालिकेत आहे. कागदावरचा क्रमांक वाचता आलाच पाहिजे: सुरुवातीचं अक्षर खात्यातल्या विभागाचं, पहिला आकडा त्या कागदाचा, मधला फाइलचा, शेवटचा देशाचा. १९४३-४४च्या तुर्कस्तानच्या कागदांवर दक्षिण विभागाचा ‘आर’ आणि शेवटी ४४ असतात.

खरा ऐवज राजदूताने पाठवलेल्या तारेत कमी, ती लंडनमध्ये ज्या कागदी वेष्टनात ठेवत त्यावर जास्त. कनिष्ठ कारकून आधी शेरा लिही, त्याखाली वरिष्ठ, प्रत्येकाची आद्याक्षरं आणि तारीख. हे शेरे वरून खाली, त्याच क्रमाने उतरवून घ्या. राजदूताच्या सल्ल्याला लंडनमध्ये किती वजन होतं ते इथेच कळतं. नुसती तार वाचून निष्कर्ष काढणं ही नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक.

परराष्ट्र खात्याच्या कागदांच्या छापील सूचीत नोंद आहे पण कागद सापडत नाही, असं वारंवार होईल, कारण बरेच कागद नंतर छाटणीत नष्ट केले गेले. अशा वेळी दूतावासाच्या स्वतःच्या दप्तरात बघा. तुर्कस्तानसाठी ती मालिका ‘एफओ १९५’. लंडनला गेलेल्या पत्राची स्थळप्रत तिथे असू शकते.