सांतु इल्देफोंसूची निळी भिंत कशी पाहावी

माझे वडील फोंड्याला लाद्या बसवायचे. काम झालं की भिंतीला जवळजवळ गाल टेकवून, एक डोळा मिटून कडेने बघायचे. कुठली लादी केसभर वर आलीय ते त्यांना तिथेच कळायचं. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात सांतु इल्देफोंसू चर्चची दर्शनी भिंत निळ्या चित्रांच्या टाइल्सनी मढवलेली आहे. तिच्यासमोर मी तेच केलं, आणि तुम्हीही करा.

जायचं ते सकाळीच. चर्चचं तोंड पश्चिमेला आहे, दुपारनंतर ऊन थेट झिलईवर येतं. पहिल्या दिवशी मी तीनला गेले, तर सगळी भिंत नुसती चकाकत होती, एक चेहरा धड दिसेना. दुसऱ्या दिवशी नऊला गेले तेव्हा भिंत सावलीत होती आणि फिकट निळ्यापासून शाईसारख्या गडद निळ्यापर्यंतच्या सगळ्या छटा उलगडल्या.

आधी लांब, पायऱ्यांच्या खाली उभे राहा. चित्रं राहू देत, दगड बघा. कोपरे, खिडक्यांच्या चौकटी, दोन्ही मनोऱ्यांच्या कडा, सगळं ग्रॅनाइट. टाइल्स आहेत त्या दगडांच्या मधल्या मोकळ्या जागांत. हे चर्च १७३९ मध्ये पुरं झालं आणि जॉर्ज कोलासू या चित्रकाराच्या सुमारे ११,००० टाइल्स लागल्या १९३२ मध्ये. म्हणजे जवळपास दोनशे वर्षं ही भिंत टाइल्सशिवाय उभी होती. पोर्तोतल्याच कार्मू चर्चचंही तसंच, बांधकाम अठराव्या शतकातलं आणि बाजूच्या भिंतीवरच्या टाइल्स १९१२ च्या. इमारतीचं वय टाइल्सवरून कधी ठरवू नका.

आता पायऱ्या चढून दाराजवळच्या खालच्या चित्रांपाशी या. हात लावायचा नाही. एकच पंजा किंवा कपड्याची एकच चुणी निवडा आणि तिची रेघ सांध्यावरून पुढे कशी जाते ते बघा. टाइल वीतभरसुद्धा नसते, त्यामुळे एक माणूस कितीतरी तुकड्यांत वाटला जातो. अशा कामात टाइलच्या पाठीवर ओळीची आणि जागेची खूण लिहिलेली असते, गवंडी त्या खुणेवरून लावत जातो. रेघ कुठे केसभर सरकली असेल तर तिथे बसवणाऱ्याचा हात दिसतो. आजूबाजूपेक्षा वेगळा पांढरा दिसला तर टाइल मागाहून बदलली असावी.

जुन्या पद्धतीत भाजलेल्या मातीवर कथिलाची पांढरी झिलई देतात, ती कच्ची असतानाच कोबाल्टने चित्र काढतात आणि पुन्हा भट्टीत घालतात. कच्ची झिलई रंग लगेच पिऊन टाकते, काढलेली रेघ पुसता येत नाही. खरा निळाही भट्टीतूनच बाहेर येतो. म्हणजे रंगवणाऱ्याला तो अंदाजानेच धरावा लागतो. मला या कामात याहून मोठं काही वाटत नाही. आणि अशा टाइलला पोर्तुगीजमध्ये म्हणतात तो ‘अझुलेजू’ हा शब्द निळ्यासाठीच्या ‘अझूल’वरून आला असं पुष्कळजण सांगतात, पण तो अरबीतून आलाय, घासून गुळगुळीत केलेला छोटा दगड या अर्थाने.

मग चालत कॅथेड्रलला जा. वाटेत सांव बेंतू स्टेशनात कोलासूंच्याच टाइल्स आहेत, तिथे गर्दी असते, फार रेंगाळू नका. वेळ ठेवा कॅथेड्रलच्या ओवऱ्यांसाठी. तिथली चित्रं वालेंतीं द आल्मेयदा यांची, १७२९ ते १७३१ मधली. सकाळच्या त्या पंजाची रेघ डोळ्यांसमोर ठेवा आणि इथला एखादा पंजा शोधून तिच्याशी ताडून बघा. मधे दोनशे वर्षं आहेत.

पोर्तोला जाणं जमणार नसेल तर पणजीला मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जा. तिथल्या निळ्या भिंतीही कोलासूंच्याच, १९३५ च्या, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांच्या. मी लहानपणी वडिलांबरोबर तिथे गेले होते. चित्रात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. भिंतीच्या कडेला गेले, एक डोळा मिटला आणि बराच वेळ सांधे बघत राहिले.