तेर्नोपिलला येणाऱ्या आपल्या मुलांसाठी: एकाच युक्रेनियनच्या पाच तऱ्हा

पश्चिम युक्रेनमधल्या तेर्नोपिलला तुम्ही डॉक्टरकी शिकायला येताय. युक्रेनियन भाषेच्या तासाला मॅडम फळ्यावर पाच नावं लिहितील: बोलण्याची शैली, साहित्याची, शास्त्राची, कचेरीची आणि वर्तमानपत्राची. परीक्षेपुरतं पाठ करू, असं तुम्हाला वाटेल. तसं करू नका. मी सांगलीहून इथं आले त्याला चौदा वर्षं झाली. नवीन मुलं अडतात ती शब्द कमी पडतात म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा शब्द असतो, पण तो भलत्या ठिकाणी वापरलेला असतो.

सुरुवात कचेरीपासून करा, कारण आल्या आल्या अर्ज लिहावा लागतो. अर्जाला इथं ‘झायावा’ म्हणतात. कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ज्यांना लिहायचं त्यांचं पद चतुर्थीत, म्हणजे ‘रेक्तोरोवी’, रेक्टरना (विद्यापीठाच्या प्रमुखांना). त्याखाली आपलं नाव नि वर्ग षष्ठीत, ‘कडून’ असा शब्द न घालता. मधोमध ‘झायावा’, त्यापुढे पूर्णविराम नाही. मग थेट ‘प्रोशू’, विनंती आहे की. शेवटी डावीकडे तारीख, उजवीकडे सही. शाळेत घोटून घेतलेलं ‘महोदय’, ‘वरील विषयास अनुसरून’, ‘आपला विश्वासू’ यातलं इथं काहीच लागत नाही.

माझा पहिला अर्ज एका कार्यालयातून दोनदा परत आला. होस्टेलची खोली बदलून हवी होती आणि मी थंडी, ताप, घरची आठवण असं पानभर लिहिलं होतं. खिडकीपलीकडच्या बाईंनी पेन्सिलीनं सगळं खोडलं आणि एक वाक्य ठेवलं. खोलीवर येऊन मी रडले होते. त्या बाईंनी माझं काम सोपं केलं, हे कळायला वर्ष गेलं.

वॉर्डात याच्या उलट. शिकवणं इंग्रजीत असलं तरी पेशंट इंग्रजी बोलत नाही. आजी म्हणतात, ‘बोलित होलोवा’, डोकं दुखतंय. केसपेपरवर तेच ‘स्कार्ही ना होलोव्निय बिल’ होतं, डोकेदुखीची तक्रार. ‘मेने नुदित’, मळमळतंय, याचं कागदावर ‘नुदोता’ होतं. क्रियापद गेलं, नाम आलं. शास्त्राच्या शैलीची ही मुख्य खूण. आपल्याकडे नाही का, पेशंट ‘पोटात कळ येते’ म्हणतो आणि डॉक्टर ‘उदरशूल’ लिहितो? वहीत दोन्ही वेगळे ठेवा: डाव्या पानावर आजींचे शब्द, उजव्या पानावर केसपेपरचे. आजींना विचारताना मात्र ‘श्चो वास तुर्बूये?’, कशाचा त्रास होतोय, एवढंच मऊ विचारा.

एका बाबतीत मराठी माणूस इथं घरबसल्या पुढे आहे, ती म्हणजे संबोधन. आपण ‘मित्रा’, ‘मुलांनो’ म्हणतो, तसंच इथं हाक मारताना नाव बदलतं. ओक्साना पेत्रीव्ना या शिक्षिकेला ‘ओक्सानो पेत्रीव्नो’, डॉक्टरांना ‘पाने दोक्तोरे’. वडिलांच्या नावासकट हाक मारणं हा आदर आहे, आणि ‘ती’ आणि ‘वी’ म्हणजे आपले ‘तू’ आणि ‘तुम्ही’च. पत्रात आदरार्थी ‘वी’ मोठ्या अक्षरानं लिहितात.

इथली माणसं भाषेच्या बाबतीत इतकी हळवी का, हेही समजून घ्या. 1863 साली रशियन साम्राज्यात गृहमंत्री वालुयेवच्या परिपत्रकानं युक्रेनियनमधली धार्मिक आणि शिकवण्याची पुस्तकं छापायला बंदी घातली. ललित साहित्य तेवढं सोडलं. 1876 साली झारनं काढलेल्या एम्सच्या हुकुमानं फास आणखी आवळला. म्हणजे एका भाषेच्या एकेक शैलीवरच घाव घातला. शास्त्राची भाषा मग ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या या पश्चिम भागात वाढली. ज्यांचं नाव तेर्नोपिलच्या वैद्यकीय विद्यापीठाला आहे ते इवान होर्बाचेव्स्की इथल्याच एका गावचे. 1882 साली त्यांनी युरिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं, आणि युक्रेनियन रासायनिक परिभाषेसाठीही ते खपले. पाठ्यपुस्तकातला एकेक शब्द असा कमावलेला आहे. म्हणून कोणी तुमची चूक सुधारली तर मनाला लावून घेऊ नका.

रशियन मिसळलेल्या बोलीला ‘सुर्झिक’ म्हणतात. मूळ अर्थ मिश्र धान्याचं पीठ. बाजारात ती कानावर पडेल, पण लिहिताना टाळा. ‘भाग घेणे’ म्हणजे ‘ब्राती उचास्त’. रशियन वळणानं ‘ब्राती’च्या जागी ‘प्रियमाती’ लिहिलंत की लाल शाई. ‘दरम्यान’साठी ‘प्रोत्याहोम’ लिहा. त्याच वळणानं ‘ना प्रोत्याझी’ लिहिलंत तर अर्थ होतो वाऱ्याच्या झोतात. बटाट्याला पुस्तकात ‘कार्तोप्ल्या’, इथल्या बाजारात ‘बाराबोल्या’. भाजीवालीशी बाराबोल्याच म्हणा, तिला आनंद होतो.

साहित्याची आणि वर्तमानपत्राची शैली सावकाश येईल. रोज एक बातमी मोठ्यानं वाचा, पुरे.

एक वाक्य मात्र विमानातच पाठ करा: ‘उवाहा! पोवित्र्याना त्रिवोहा.’ सावधान, हवाई हल्ल्याचा इशारा. फोनवर हे कोरड्या, सरकारी आवाजात येतं आणि त्यानंतर ‘उक्रित्त्या’, म्हणजे आसऱ्याची जागा गाठायची. पहिल्या वेळी मी जिन्यावर गोठून उभी राहिले होते. खालच्या मजल्यावरच्या आजींनी माझा हात धरला, तळघराकडे ओढलं आणि म्हणाल्या, ‘खोदी, दितीनो.’ चल, बाळा.