उन्हाळ्यात पैदाशीच्या नरांची काळजी : वळू, रेडा आणि बोकड पाळणाऱ्यांसाठी सल्ला

आषाढ-श्रावणात गाय दोन-तीनदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की दोष सहसा गाईच्याच माथी मारला जातो, तिला भाकड ठरवून बाजार दाखवला जातो, आणि वैशाखात तापलेल्या पत्र्याखाली धापा टाकत उभा राहिलेला वळू मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाही. वळूच्या वृषणात शुक्राणू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस लागतात व पुढे अधिवृषणात (वृषणाला चिकटलेल्या वेटोळ्या नळीत) ते पक्व होण्यास आणखी आठ-दहा दिवस जातात. बोकडात आणि मेंढ्यात वृषणातील हा काळ सुमारे सात आठवड्यांचा असतो. मे महिन्यात बसलेली झळ त्यामुळे जून-जुलैत दिसते. पावसाळ्यात गाई-शेळ्या पहिल्याच माजाला गाभण राहाव्यात असे वाटत असेल, तर नराची काळजी आत्ता घेणे भाग आहे.

वृषणाचे तापमान शरीरापेक्षा २ ते ६ अंश सेल्सिअसने कमी राहावे लागते, आणि दुपारी वृषणकोश सैल पडून खाली लोंबतो तो यासाठीच. एवढे करूनही उष्णता उतरली नाही, तर वृषणातील पेशींची ऑक्सिजनची गरज वाढते, रक्तपुरवठा मात्र त्या मानाने वाढत नाही, आणि पेशींत सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी ऑक्सिजनची उग्र रूपे साचू लागतात. शुक्राणूचे आवरण असंतृप्त स्निग्धाम्लांनी भरलेले असल्यामुळे उघडे राहिलेले शेंगतेल जसे खवट होते तसेच ते आवरणही बिघडते. शुक्राणूची चाल मंदावते आणि डोक्यातील डीएनए तुटतो. असा शुक्राणू कधी बीजांडापर्यंत पोहोचतोही, परंतु पुढे गर्भ टिकत नाही. इतर पेशींजवळ दुरुस्तीची सामग्री असते, शुक्राणूत मात्र पेशीद्रव नावापुरतेच असल्याने त्याचे रक्षण मुख्यत्वे भोवतीच्या वीर्यद्रवातील विकरे (एन्झाइम) आणि अँटिऑक्सिडंट द्रव्ये करतात. ही विकरे घडण्यासाठी सेलेनियम, जस्त व तांबे लागते आणि आवरणाचे राखण ई जीवनसत्त्व करते.

गोठ्याच्या पत्र्यावर उसाचे पाचट किंवा कडब्याची ताटे जाड अंथरावीत आणि दुपारी त्यावर पाणी शिंपडावे. रेड्याची कातडी काळी व घामग्रंथी थोड्या, म्हणून त्याला दिवसातून किमान दोनदा धुवावे. डुंबायला जागा असेल तर फारच उत्तम. पिण्याचे पाणी सावलीत आणि सदैव हाताशी असावे. गाय भरवायची ती भल्या पहाटे, आणि एका वळूकडून आठवड्यात दोन-तीनपेक्षा अधिक गाई भरवू नयेत. खिलार वळू जत्रेत मिरवण्याची हौस समजण्यासारखी आहे, परंतु भर दुपारी टेम्पोतून नेलेल्या वळूची ती झळ पुढे दोन महिने पुरते.

खुराकाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सरकी पेंड आपल्याकडे गोठ्याची लाडकी आहे, दुभत्या जनावरांना ती मानवतेही. परंतु सरकीतील गॉसिपॉल नावाचे द्रव्य नराच्या शुक्राणूंना अपाय करते. पैदाशीच्या वळूला ती बंद करून शेंगदाणा पेंड द्यावी, मात्र बुरशी लागलेली पेंड मुळीच देऊ नये. नुसत्या वाळल्या कडब्यात कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व जवळपास उरत नाही, म्हणून थोडा का होईना, लसूणघास किंवा हिरवा मका रोज द्यावा. खनिज मिश्रण रोज द्यावे. सेलेनियमची गरज एकूण आहाराच्या दर किलो शुष्क भागामागे फक्त ०.३ मिलिग्रॅम एवढी असते आणि अधिक झाल्यास त्याची विषबाधा होते. शिवाय फलनासाठी शुक्राणूला उग्र ऑक्सिजनचाही थोडा अंश लागतोच. त्यामुळे पशुवैद्यकाला विचारल्यावाचून इंजेक्शने किंवा पावडरी सुरू करू नयेत.

कृत्रिम रेतन करणाऱ्यांनाही हा धोका आहे, किंबहुना तेथे तो अधिक आहे. वीर्य पातळ करताना मूळ वीर्यद्रवाचे संरक्षण विरळ होते, गोठवताना व वितळवताना आवरणाला इजा होते, आणि रेड्याचे रेत वळूच्या रेतापेक्षा अधिक नाजूक असते. गोठवलेले वीर्य भरलेली पाव मिलिलिटरची बारीक कांडी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून कॅनच्या तोंडाशी येते तेव्हा चिमटा लगेच चालायला हवा. हवी ती कांडी शोधताना बाकीच्या काही सेकंदच जरी वर राहिल्या, तरी त्यांचे नुकसान होते. कांडी तळहातावर चोळून किंवा खिशात ठेवून वितळवू नये. थर्मासमधील पाणी तापमापकाने मोजून ३७ अंशांवर आणावे, त्यात ३० सेकंद ठेवावी, कोरडी पुसावी, उन्हापासून झाकून न्यावी आणि विनाविलंब भरावी. दारात आलेल्या रेतन सेवकाकडे पशुपालकाने तापमापकाची विचारणा करावी. त्यात संकोचाचे काही कारण नाही.

उस्मानाबादी शेळ्यांचा कळप जूनमध्ये भरवायचा असेल, तर मेच्या अखेरीस बोकडाचे वीर्य तपासून घ्यावे. लाळ्या-खुरकूत, तीन दिवसांचा ताप अशा कोणत्याही आजारात अंगातील तापाने वृषणाची हीच हानी होते. असा ताप येऊन गेलेल्या वळूची तारीख गोठ्यातील भिंतीवर लिहून ठेवावी, तेथून ७० दिवस मोजावेत आणि तोवर गाई दुसऱ्या वळूकडे न्याव्यात.