एचआरची धोरणं कागदावरच राहतात? या चुका टाळा

नवं धोरण आलं, सगळ्यांना मेल गेला, टाऊनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, टाळ्याही पडल्या आणि सहा महिन्यांत सगळं पहिल्यासारखं! असं होत असेल तर मसुदा पुन्हा घासत बसू नका. कंपनीत बढती कोणाला मिळते, ते आधी पाहा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भिंतीवरच्या फलकालाच संस्कृती समजणं. डिसेंबर 2001 मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या मूल्यांत आदर आणि सचोटी दोन्ही होत्या. आत मात्र कर्मचाऱ्यांची क्रमवारी लावून तळाच्यांना घरी पाठवलं जाई. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत एकेका ग्राहकाच्या गळ्यात जमतील तितकी खाती मारण्याचं टार्गेट होतं. लोकांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली. 2016 मध्ये 18.5 कोटी डॉलरचा दंड बसला, तोवर सुमारे 5,300 जणांची नोकरी गेली होती. इतकी माणसं एकाच पद्धतीनं चुकतात, तेव्हा भरतीला दोष देऊन काय उपयोग? केआरए, म्हणजे प्रत्येकाला ठरवून दिलेली कामाची उद्दिष्टं, उघडून वाचायला हवेत.

म्हणून गेल्या दोन वर्षांतल्या बढत्यांची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे खरं कारण लिहा. टीमवर्कचा गजर चालू असताना यादीत सगळे एकांडे शिलेदारच निघाले, तर टीमवर्कची कार्यशाळा रद्द करून बढतीचे निकष बदला.

दुसऱ्याचं धोरण उसनं आणणं हीसुद्धा नेहमीची चूक. एन्रॉनसारख्या सक्तीच्या क्रमवारीचंच बघा. तिच्यात सहकाऱ्याला मदत करणं म्हणजे स्वतःचा नंबर घालवणं. मायक्रोसॉफ्टनं 2013 मध्ये ती पद्धत सोडून दिली. अमर्याद रजेचंही तसंच. साहेब सुट्टीतही मेलला उत्तरं देत असतील, तर हाताखालचे रजा मागायलाच कचरतात. आधी साहेबांना रजेवर पाठवा, फोन बंद ठेवून.

मुलाखतीनंतर ‘कल्चर फिट नाही’ (आपल्या संस्कृतीत बसणारा नाही) असा शेरा आला, तर नेमकं कोणतं वागणं खटकलं ते विचारा. उत्तर ‘आपल्यातला वाटला नाही’ एवढंच असेल, तर शेरा खोडा.

आणि एक्झिट इंटरव्ह्यू, म्हणजे नोकरी सोडताना घेतली जाणारी मुलाखत! रिलीव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत जाणारा ‘वैयक्तिक कारण’ एवढंच सांगणार. त्याच्या साहेबांशी संबंध नसलेल्या कोणीतरी तीन महिन्यांनी फोन करून पाहावा.