गोल्फ ट्रिपचे गट पाडताना या चुका टाळा

साताऱ्याहून 16 जण पुण्याला चार दिवस गोल्फ खेळायला निघतात. हॉटेल, गाड्या, जेवण यांवर महिनाभर चर्चा होते आणि रोजचे गट मात्र आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर पाडले जातात. तिसऱ्या दिवशी कुरबुर सुरू. दर वेळी चुका त्याच असतात.

रोज चिठ्ठ्या टाकणे. चार कसलेले एका गटात, चार नवखे दुसऱ्यात. नवख्यांना दिवसभर शिकवणारं कोणी नाही आणि मागचे सगळे खोळंबलेले. चिठ्ठी हा आळस आहे.

“एक-एक घर पुढे सरकवा.” ही चूक हुशार माणसं करतात, म्हणून जास्त राग येतो. हँडिकॅपप्रमाणे (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा; कमी तितका कसलेला) अ, ब, क, ड असे चौघाचौघांचे थर करायचे, थरातल्या चौघांना 1 ते 4 आकडे द्यायचे आणि प्रत्येक गटात प्रत्येक थरातला एक घ्यायचा, पहिल्या दिवशी सारखे आकडे एकत्र, इथवर उत्तम. मग अ जागेवर ठेवून रोज ब एक घर (म्हणजे एक गट) पुढे, क दोन आणि ड तीन घरं सरकवतात. कागदावर देखणं दिसतं.

एका ट्रिपचे संयोजक असेच दहा मिनिटांत मोकळे झाले. मी म्हटलं, “साहेब, चारही दिवस लिहून बघा.” “अहो, सरळ गणित आहे!” तिसऱ्या सकाळी पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) अ1 शेजारी पुन्हा क1 उभा, आणि ब3 बरोबर पुन्हा ड3. प्रत्येक गटात पहिल्या दिवसाच्या दोन जोड्या! गट चार असताना दोन-दोन घरं सरकलं की दोन उड्यांत माणूस मूळ जागी येतो, एवढं साधं कारण. आमचे मेजरसाहेब ज्या डॉक्टरांबरोबर खेळायचं म्हणून आले होते, त्यांच्याशी चार दिवसांत एकदाही गाठ पडली नाही. परतताना खंबाटकी घाटापर्यंत गाडीत तोच विषय होता.

माझ्या वहीत कायमचा तक्ता आहे. पहिल्या दिवशी सारखे आकडे एकत्र. त्यानंतर अ1 चे भिडू असे: दुसऱ्या दिवशी ब2, क3, ड4, तिसऱ्या दिवशी ब3, क4, ड2, चौथ्या दिवशी ब4, क2, ड3. अ2 चा गट हवा तर याच ओळीत 1 आणि 2, तसेच 3 आणि 4 यांची अदलाबदल करा. अ3 साठी 1-3 आणि 2-4, अ4 साठी 1-4 आणि 2-3. चार दिवसांत एकही जोडी दुसऱ्यांदा येत नाही. पाचवा राउंड असेल तर अ-अ, ब-ब असे थर एकत्र खेळवा. प्रत्येक जण उरलेल्या 15 जणांबरोबर बरोबर एकदा खेळलेला असेल.

12 जणांत “कोणीही दोनदा नको” हा हट्ट. तीन गटांतून चौघांचा नवा गट केला की त्यात कालचे दोघे येणारच. आधीच सांगून टाका.

बग्गी (मैदानावर फिरायची दोघांची छोटी गाडी) विसरणे. खरी सोबत बग्गीतल्या माणसाची असते. नऊ होलनंतर बग्गीतल्या जोड्या बदला.

पहिला टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) रोज त्याच गटाला. रोज क्रम फिरवा. ओळखीपाळखीने सकाळची वेळ पटकावणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

तोंडी हँडिकॅप. “मी अठराचा” हे चालणार नाही. नोंदलेला हँडिकॅप इंडेक्स मागा आणि कोर्स बदलला की त्या कोर्सच्या स्लोपने (मैदान किती अवघड ते सांगणारा आकडा) नवा आकडा काढा. 113 हा प्रमाण स्लोप; त्याहून अवघड कोर्सवर सहसा जास्त स्ट्रोक (फटक्यांची सूट) मिळतात. पण थर ट्रिपभर तेच ठेवा.

एक जण गळाला की सगळं पुन्हा मांडणे. ही घाई नडते. समजा ड4 आला नाही, तर त्याची जागा रिकामी ठेवून तक्ता तसाच चालवा. रोज एक गट तिघांचा होतो आणि अ, ब, क मधल्या प्रत्येकाच्या वाट्याला तो चार दिवसांत एकदाच येतो. त्या दिवसापुरता क्रम मोडून तिघांना सगळ्यात आधी सोडा, कारण ते भराभर पुढे जातात.