नेट जाऊन-येऊन राहिलं? फोन लावायच्या आधी हे पाहून घ्या

मागच्या मे महिन्यात आमच्याकडे नागपुरात रोज दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला नेट जायचं. दोन-तीन मिनिटं जायचं न आपोआप यायचं. नेमकी माझी ऑफिसची मीटिंग तेव्हाच, त्यामुळं टीममध्ये मी "हॅलो, आवाज येऊन राहिला का" वाला माणूस म्हणून फेमस झालो. कंपनीला चार कम्प्लेंट टाकल्या, पोरगा दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळेस मोबाईलवर स्पीड टेस्ट करून "भाऊ, लाईन तर ओके आहे तुमची" म्हणून निघून गेला, आणि खरं सांगतो, तो बरोबर होता. एक दिवस मी राउटरसमोरच बसलो होतो, आईनं कूलर लावला, मोटर घुर्रर्र झाली, ट्यूबलाईट एक सेकंद मंद झाली आणि राउटरचे सगळे लाईट विझून परत एकेक करून लागले. कूलर आणि राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर! आईला सांगितलं तर म्हणे, "मंग तुझ्या नेटपायी मी उकडून मरू का?"

तर म्हणून हे लिहून राहिलो. "नेट गेलं" हे आपण एका दमात बोलून टाकतो, पण नेमकं काय गेलं हे आधी पाहायचं असतं. राउटरचा करंट गेला, का बाहेरून येणारी लाईन गेली (आपल्याकडे "लाईन गेली" म्हणजे वीजच, पण इथं मी फायबरचं बोलतोय), का दोन्ही ठीक आहे न घरातल्या घरात वायफायच मार खातंय. कंपनीचा माणूस यातल्या फक्त मधल्याचं काही करू शकतो, बाकीचं आपल्याच घरात आहे.

पहिली गोष्ट, नेट गेल्या-गेल्या रिस्टार्ट मारू नका. माहीत आहे, हात आपोआप जातो, पण रिस्टार्ट केलं की सगळा पुरावा साफ. आधी डब्यासमोर, म्हणजे राउटरसमोर, उभं राहा, लाईट पाहा, मोबाईलनं फोटो काढून ठेवा. सगळेच लाईट विझून परत लागत असतील तर करंटची भानगड. पॉन (PON, म्हणजे फायबरची लाईन) लिहिलेला लाईट हिरवा आणि स्थिर पाहिजे. एलओएसवाला (LOS, म्हणजे सिग्नल गेला) लाईट लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून उजेडच येत नाहीये, मग तुम्ही वायफायच्या सेटिंगमध्ये रात्रभर डोकं फोडलं तरी काही होत नाही. आणि पॉन हिरवा पण इंटरनेटचा लाईट बंद किंवा लाल, तर फायबर ठीक आहे, लॉगिनचं किंवा कंपनीच्या बाजूचं काहीतरी आहे, बऱ्याचदा तर आपलं रिचार्जच संपलेलं असतं. हसू नका, माझ्यासोबत झालं आहे.

लाईट सगळे चांगले दिसतात तरी नेट अडकतं, तेव्हा पिंग, म्हणजे समोरच्याला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का, किती वेळात येतं ते पाहायचं. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडायचं, एका खिडकीत पिंग १९२.१६८.१.१ आणि शेवटी डॅश टी, दुसऱ्या खिडकीत पिंग ८.८.८.८ डॅश टी (अर्थात इंग्रजीत टाईप करायचं, आणि पहिला आकडा तुमच्या डब्याच्या बुडाशी स्टिकरवर जो असेल तो). पहिली खिडकी म्हणजे तुमच्यापासून राउटरपर्यंत, दुसरी म्हणजे बाहेर गूगलच्या सर्व्हरपर्यंत. दोन्ही चालू ठेवून अर्धा तास आपलं काम करत राहा. अडकल्यावर दोन्ही खिडक्यांत "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येत असेल तर गडबड घरात आहे. पहिली मस्त एक-दोन मिलिसेकंदात धावतेय आणि फक्त दुसरी तुटतेय, तर बाहेर. एवढ्या एका टेस्टनं अर्धी भांडणं मिटतात, आणि ही टेस्ट कोणीच करत नाही, सगळे स्पीड टेस्ट करतात. स्पीड टेस्ट म्हणजे त्या एका क्षणाचा आकडा. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका ऑटोमॅटिक हवामान स्टेशननं ५६ डिग्री दाखवलं होतं, सगळीकडे बातमी झाली, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडलेला. एका आकड्यावर जायचं नाही.

अजून एक, राउटरच्या पानावर लॉगिन केलं (पत्ता, पासवर्ड त्याच स्टिकरवर) की स्टेटसमध्ये अपटाइम दिसतो, म्हणजे डबा किती वेळापासून सलग चालू आहे ते. तुम्ही हात न लावता तो "१२ मिनिटं" दाखवत असेल तर डबा स्वतःच बंद पडून चालू होतोय. डबा नऊ दिवसांपासून चालू आणि इंटरनेट कनेक्शनचा टाइम मात्र १२ मिनिटं, तर लाईन तुटून जुळली. मला हे आधी माहीत असतं तर कूलरचा चोर पहिल्याच दिवशी पकडला असता.

आता करंटचं. बोर्ड वेगळा करा, ते तर झालंच. पण कूलरच्या झटक्यानं माझा राउटर पडतो न शेजारचा नाही पडत, असं काऊन? तर बहुतेक वेळा अ‍ॅडॅप्टर म्हातारा झालेला असतो, आतला कॅपॅसिटर थकला की जरासा व्होल्टेज खाली आला तरी तो सांभाळू शकत नाही. नवीन घेताना जुन्यावर लिहिलेलं पाहून घ्या, १२ व्होल्ट असेल तर १२च पाहिजे, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो, कमी नाही. सीताबर्डीवर मिळून जातो, पण हातात घेऊन पाहा, एकदम हलका फुलका लागला तर ठेवून द्या. त्यापेक्षा थोडे पैसे टाकून राउटरचा छोटा बॅटरीवाला यूपीएस घेतला तर लाईट गेल्यावरही काही तास चालतं आणि झटके पण तोच खातो. फक्त एक लक्षात ठेवा, घरात फायबरऐवजी लॅनची वायर येत असेल तर कंपनीचा स्विच कुठंतरी जिन्यात किंवा कोणाच्या गच्चीवर असतो, त्यालाही वीज लागते, तिकडची गेली तर तुमचा यूपीएस नुसता शोभेला.

आणि गर्मी. घरगुती राउटर बहुतेक ० ते ४० डिग्रीसाठी बनवलेले असतात, न आपल्याकडे २०१३ च्या मे मध्ये ४७.९ झालं होतं. टीव्हीच्या मागं, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर, वरून क्रोशाचा रुमाल, असा राउटर दुपारी हँग नाही होणार तर काय होणार. रुमाल काढा, भिंतीवर टांगा, वरच्या मजल्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर नको.

लाईनचं म्हणाल तर आपल्या हातात थोडंच आहे. डब्याच्या मागं जी बारीक वायर घुसते ती कपाटामागं दबली किंवा मोडल्यासारखी वाकली आहे का पाहा, फायबर म्हणजे काच आहे, बांगडीपेक्षा लहान वळण तिला सोसत नाही, आतला उजेड गळतो. एलओएस लाल दिसला की मी आधी हेच पाहतो, आमच्याकडे एकदा सोफा सरकवल्यावर नेट गेलं होतं. हिरव्या टोकाचा कनेक्टर उगाच काढू नका, काढलाच तर टोकाला बोट लावू नका, आणि त्यात डोळा घालून तर अजिबात पाहू नका, आतला लेझर दिसत नाही पण असतो. मग गच्चीवर जा. संक्रांतीनंतर आमच्या गल्लीत निम्मे फॉल्ट मांजाचे असतात, पतंग वायरीत अडकतो, पोट्टे खालून ओढतात न वायर खेचली जाते. पश्चिम नागपुरात राहत असाल तर वांदरांचं वेगळं सांगायला नको. आणि रस्ता खोदून राहिले असतील तर समजून जा.

राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर म्हणून एक आकडा असतो, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद, डीबीएम या मापात, उणे चिन्ह लावून. उणे १५ ते उणे २५ असेल तर निश्चिंत. उणे २७ च्या खाली (म्हणजे उणे २८, २९) गेला की काठावर आलात, थोडं ऊन-पाऊस झालं की तुटणार. चांगलं चालू असतानाच हा आकडा लिहून ठेवा, नंतर तुलना करता येते.

नेट रोज फक्त रात्री नऊ ते अकरा रडत असेल न दिवसा पळत असेल तर घरात काही शोधू नका. एका फायबरवर येणारे साधारण अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि पुढं ऑपरेटरनं विकत घेतलेली बँडविड्थच कमी असेल तर सगळा मोहल्ला एकाच वेळी मॅच पाहायला बसला की असंच होणार.

वायफायमध्ये थोडक्यात. राउटरचं २.४ गिगाहर्ट्झवालं वायफाय लांब जातं पण सोसायटीत त्याची गर्दी असते, ५ फास्ट पण दोन भिंतींत दम टाकतं. राउटर हॉलच्या कोपऱ्यात न तुम्ही आतल्या खोलीत, मधे लोखंडी कूलर, गोदरेजचं कपाट न आरसा, तर कोणताही प्लॅन घ्या काय फरक पडतो? राउटर मधोमध, उंचावर. २.४ वर चॅनल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो लावा. टीव्ही आणि ऑफिसचा लॅपटॉप जमेल तर लॅनच्या वायरवर. वायरवर नेमकी शंभरच्या आत स्पीड अडकत असेल तर वायर बदलून पाहा, गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, एक तुटली की ती गुपचूप शंभरवर येते.

एवढं करून गडबड बाहेरच निघाली तर मग फोन लावा, पण "नेट स्लो आहे" म्हणू नका, पलीकडचा "सर, एकदा रिस्टार्ट करून पाहा" म्हणणार न ठेवणार. सांगा की राउटरपर्यंत पिंग नीट आहे, बाहेरचा तुटतो, अमुक वेळेला तुटतो, पॉवर उणे २८ आहे. डॉकेट नंबर (कम्प्लेंटचा नंबर) घ्या, तो द्यावाच लागतो, आणि काम झालं नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे, म्हणजे वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, जाता येतं. पोरगा आला की त्याला स्पीड टेस्ट नको, फायबरचा उजेड मोजायचा पॉवर मीटर लावून दाखव म्हणा, चहा पाजा, उन्हातून आलेला असतो बिचारा. आणि जाताना तो कम्प्लेंट बंद करायला ओटीपी मागेल, "भाऊ देऊन टाका न, वरून प्रेशर आहे" म्हणेल, तर त्याला सांगा की रात्री पिंग लावून पाहतो न मग देतो.