कयाकवरून समुद्रात गरवायला जायचंय? आधी काय घ्यावं आणि काय नंतर

कयाक उलटली, तर ही वस्तू कुठे असेल? सामान घेताना प्रत्येक वस्तूपुढे हा एक प्रश्न ठेवा, निम्मी खरेदी आपोआप गळून पडते. उत्तरं तीनच असतात: अंगावर, कयाकला बांधलेली, नाहीतर समुद्राच्या तळाशी. जीव वाचवणारी वस्तू अंगावरच हवी. बाकीची बांधलेली. तळाशी गेली तरी चालेल अशी वस्तू मुळात घरीच राहिलेली बरी.

नवखे लोक हे सगळं नेमकं उलट करतात. आधी रॉड, मग फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र, आणि उरलेल्या पैशांत लाइफ जॅकेट. खरा क्रम असा: कयाक आणि वल्हं, मग अंगावरचं सामान, मग दोनतीन दिवस नुसता सराव आणि त्यानंतर गरी.

कयाक आणि वल्हं

पहिली कयाक सिट-ऑन-टॉपच घ्या, म्हणजे वर बसायची, आत पाय घालायची नव्हे. तिचं पोट बंद असतं आणि डेकवर आलेलं पाणी आरपार भोकांतून, म्हणजे स्कपरमधून, खाली निघून जातं. उलटली तर सुलटी करून पुन्हा वर चढता येतं. आत बसायची कयाक उलटली की काठोकाठ भरते आणि खोल पाण्यात ती एकट्याने उपसणं नवख्याला जमत नाही.

लांबी 3.6 ते 4.2 मीटर आणि रुंदी 70 ते 80 सेंटिमीटर बघा. तीन मीटरच्या आखूड कयाका स्वस्त आणि उचलायला सोप्या असतात, पण वाऱ्यात त्यांचं तोंड सतत भरकटतं. 85 सेंटिमीटरच्या पुढे रुंदी गेली की उभं राहता येतं, पण समोरून वारा आल्यावर तीच रुंदी नको होते. पहिल्या वर्षी उभं राहून गरवायचा नाद नकोच.

वहनक्षमतेचा जो आकडा छापलेला असतो, त्याच्या दोनतृतीयांशावर थांबा. त्यात तुमचं वजन, भिजलेले कपडे, नांगर, पिण्याचं पाणी, बर्फ आणि मासळी सगळं धरा. खात्री करायची असेल तर सगळं सामान लादून कमरेएवढ्या शांत पाण्यात बसा. बैठकीत स्कपरमधून पाणी वर येऊन साचत असेल, तर भार जास्त झालाय. बुचं मारून बैठक कोरडी ठेवता येते, पण मग लाटेचं पाणीही बाहेर जात नाही.

जुनी कयाक घेताना ती उलटी करून बघा. मागच्या टोकाखालची टाच वाळूवर घासून पातळ होते आणि स्कपरच्या नळ्यांच्या कडेला बारीक तडे जातात. चारपाच लिटर पाणी आत ओतून कयाक सगळ्या बाजूंनी हलवली की गळती बाहेरून दिसते. तडे गेलेली कयाक सोडून द्या. पॉलिइथिलीनला बहुतेक गोंद धरत नाहीत, प्लास्टिकचं वेल्डिंगच करावं लागतं आणि ते सगळ्यांना जमत नाही.

पायडलवर चालणाऱ्या कयाकमध्ये हात मोकळे राहतात हे खरं. पण त्या जड आणि महाग असतात, पंखे उथळ पाण्यात तळाला घासतात, शेवाळात अडकतात. घेतलीत तरी वल्हं बरोबर लागतंच.

एवढ्या रुंद कयाकला वल्हं 230 ते 240 सेंटिमीटरचं लागतं. आखूड वल्ह्याने प्रत्येक फटक्याला बोटं कडेवर आपटतात. वल्हं दोरीने बांधलेलं हवंच, कारण उलटल्यावर सगळ्यात आधी लांब जातं ते तेच.

अंगावरचं सामान

जॅकेट 50 न्यूटन तरंगशक्तीचं, फोमचं आणि कयाकसाठीच बनवलेलं घ्या. त्याची पाठ उंच कापलेली असते, त्यामुळे सीटच्या पाठीला ते अडत नाही. फुगणारी जॅकेटं इथे कामाची नाहीत. आपोआप फुगणारं एखाद्या चांगल्या लाटेनेही फुगू शकतं आणि फुगलेली पिशवी छातीवर असताना पोटावर सरकत कयाकवर चढणं जवळपास अशक्य होतं. बसतंय का ते तपासायला सगळे पट्टे आवळा आणि कुणालातरी खांदे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर सैल आहे. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: 50 न्यूटनचं जॅकेट शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणं करत नाही. म्हणून सोबतीला दुसरी कयाक असावी.

कपडे हवेप्रमाणे नव्हे, पाण्याप्रमाणे घाला. पाणी 15 अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर वेटसूट किंवा ड्रायसूटला पर्याय नाही. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही आणि साधारण दहा मिनिटांत बोटं निकामी होऊ लागतात. शरीर थंड पडून घात होतो तो बऱ्याच नंतर; त्याआधीच हात चालेनासे होऊन वर चढता येत नाही, हा खरा धोका. सुती कपडे नकोत, जीन्स तर नाहीच. कोमट पाण्यात लांब बाह्यांचा पातळ शर्ट, टोपी आणि दोरी लावलेला पोलराइज्ड चष्मा पुरतो.

हातात मावणारा, तरंगणारा मरीन व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे समुद्रावर बोटी एकमेकींशी आणि किनाऱ्याशी बोलतात तो बिनतारी संच, जॅकेटलाच अडकवा. संकटाची हाक चॅनल 16 वर, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झवर देतात. पाण्यालगत बसल्यामुळे दोन कयाकांमध्ये त्याचा पल्ला काही किलोमीटरच मिळतो. किनाऱ्यावरच्या उंच अँटेनापर्यंत तो खूप लांब पोचतो. परवाना लागतो का, ते तुमच्या भागात विचारून घ्या. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये असला तरी ओल्या बोटांना तो दाद देत नाही, तेव्हा त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. शिट्टी हवी. शिवाय बोथट टोकाची सुरी हवी, दोन्हींपैकी कुठल्याही हाताने काढता येईल अशा जागी. ती माशासाठी नाही. ती पायात गुंतलेल्या दोरीसाठी आहे.

रॉड घेण्याआधी बुडी

शांत, उबदार दिवशी, डोक्याएवढ्या पाण्यात, सोबत कुणी असताना कयाक मुद्दाम उलटवा. सुलटी करायला तिच्या मधोमध जा, उलट्या पोटावरून हात टाकून पलीकडची कड किंवा मूठ पकडा आणि अंग मागे टाका. कयाक तुमच्याकडे वळून सुलटी होते. आता दोन्ही हात बैठकीच्या कडेवर ठेवा, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणा आणि जोरात मारा. इथेच लोक चुकतात. पाय कयाकखाली लोंबत ठेवून नुसत्या हातांच्या जोरावर चढू बघतात आणि कयाक पुन्हा अंगावर येते. पोहल्यासारखं आडवं होऊन पोट डेकवर सरकवा, मग उताणं वळून बूड बैठकीत टाका आणि शेवटी पाय आत घ्या. हे लागोपाठ पाच वेळा जमेपर्यंत किनाऱ्यापासून लांब जाऊ नका. दमल्यावर एकदा करून बघा, खरी परीक्षा तीच.

गरवायचं सामान

रॉड 1.8 ते 2.1 मीटरचा. त्याहून आखूड असला, तर मासा कयाकच्या पुढच्या टोकाखालून पलीकडे गेल्यावर टोक वळसा घालून नेता येत नाही. मूठ आखूड हवी, लांब मूठ जॅकेटमध्ये अडकते. 3000 ते 4000 नंबरचं स्पिनिंग रीळ, त्यावर 15 ते 20 पौंडाची ब्रेडेड दोरी आणि पुढे दीडेक मीटर 0.40 ते 0.50 मिलिमीटर जाडीचा फ्लुओरोकार्बन तंगूस. एवढ्यावर पहिला हंगाम निघतो. दोन रॉडपेक्षा जास्त नकोत. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी किती सहज सुटेल ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, किनाऱ्यावरून गरवताना ठेवता त्यापेक्षा सैल ठेवा. जोरात ओढलं तर मासा कयाकलाच ओढत नेतो, म्हणजे ड्रॅगचं अर्धं काम ती करत असते.

गरीचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका. हलत्या कयाकवर गरी माशाइतक्याच सहजपणे हातात शिरते. बरोबर लांब चोचीची पक्कड, गरी तोडता येईल असा कटर, आखूड दांड्याची जाळी आणि मासळीसाठी बर्फाची पिशवी एवढं असलं की झालं. पक्कडीला दोरी लावायला विसरू नका.

रॉड होल्डरसाठी भोक पाडण्याआधी कयाक अंगणात ठेवा, तिच्यात बसा आणि हवेत वल्हं मारा. वल्ह्याच्या वाटेत येणारा होल्डर आयुष्यभर छळतो. मग बसल्या बसल्या, कंबर न पिळता, हात जिथे पोचतो तिथे खूण करा. भोक पाडायच्या जागी आतून काय आहे ते हॅचमधून, म्हणजे डेकवरच्या झाकणाच्या तोंडातून, चाचपून बघा. आधी बारीक ड्रिल, मग मोठं. बोल्ट 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे, आतल्या बाजूला रुंद वॉशर आणि भोकाभोवती मरीन सीलंट. हात आत पोचतच नसेल, तर बाहेरून बसणारे रबरी वेल नट वापरा.

दोऱ्यांचा मोह आवरा. वल्हं, रॉड आणि पक्कड बांधलेली ठीक, पण लोंबणारी प्रत्येक दोरी उलटल्यावर पायात गुंतू शकते. लीश, म्हणजे सामान बांधायची दोरी, आखूड आणि गुंडाळी होणारी घ्या.

फिशफाइंडर नंतर घेतला तरी बिघडत नाही. घेतलाच, तर त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा भाग, कयाकच्या पोटात आतून चिकटवता येतो. फक्त सीलंटमध्ये हवेचे बुडबुडे राहिले की पडद्यावर काहीच धड दिसत नाही. वायरीत फ्यूज टाका.

नांगर

पहिल्या हंगामात नांगर टाकूच नये, हे आमचं स्पष्ट मत. वाऱ्याने वाहणं कमी करायला ड्रोग, म्हणजे पाण्यात फुगणारी कापडी छत्री पुरते. ती वारा रोखते, प्रवाह नाही. प्रवाहात ती तुमच्यासकट वाहते.

पुढे कधी नांगर घेतलात, तर दीड किलोचा, घडी होणारा, चार नखांचा. साखळी वरच्या कडीला न बांधता बुडातल्या कडीला शॅकलने बांधा, दांड्यालगत वर आणा आणि वरच्या कडीला बारीक केबल टायने अडकवा. नांगर खडकात अडकला की जोराने ओढल्यावर टाय तुटतो आणि नांगर बुडाकडून उलटा निघून येतो. दोरी खोलीच्या तिप्पट: 15 मीटर पाण्याला 45 मीटर. दोरी नेहमी कयाकच्या टोकाला यायला हवी. त्यासाठी मध्यापासून टोकापर्यंत कप्पीवर फिरणारी ट्रॉली लागते. कडेला बांधलेल्या नांगरदोरीवर प्रवाहाचा ताण आला की कयाक क्षणात कलंडते. दोरीच्या शेवटी बोयरा लावून ठेवा, म्हणजे मोठी बोट समोर आली की दोरी सोडून निघता येतं.

केव्हा निघायचं

सर्वात फसवा वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे सुटणारा, मतलईसारखा. किनाऱ्यालगत पाणी आरशासारखं दिसतं, लाटा पुढे जाऊन उठतात आणि परतताना तोच वारा छातीवर येतो. नवख्याचा वेग सपाट पाण्यात ताशी चारपाच किलोमीटर असतो, समोरच्या 15 नॉटच्या (ताशी सुमारे 28 किलोमीटर) वाऱ्यात तो निम्म्याच्याही खाली येतो. म्हणून अंदाज 10 नॉटच्या वर असेल तर घरी थांबा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस निवडा, प्रवाह कमी असतो. भरती असो की ओहोटी, सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाण्याची जवळपास अर्धी चढउतार होते, म्हणजे ओढही तेव्हाच जास्त. वाऱ्याची दिशा प्रवाहाच्या उलट झाली, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात.

कुठून निघणार, कुठे जाणार आणि किती वाजता परत येणार, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला लिहून द्या. किनाऱ्याला लागताना लाटा फुटत असतील, तर आधीच रॉड काढून हॅचमध्ये किंवा डेकवर आडवे बांधा. उभा रॉड तिथेच मोडतो.

परतल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या मंद धारेखाली धुवा. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत जातं. ड्रॅग सैल करून ठेवा. कयाक गाडीच्या टपावर साध्या पट्ट्यांनी बांधा. खटक्याने आवळणाऱ्या रॅचेट पट्ट्यांनी करकचून बांधली आणि वर ऊन पडलं की प्लास्टिकला खड्डा पडतो. घरी पोचल्यावर ड्रेनचं बूच काढून पोटातलं पाणी मोजा. पेलाभर निघणं चालतं. बादलीभर निघालं, तर पुढच्या खेपेआधी गळती शोधा.